मोठ्या रेणूंचे गणित: आधी पद्धत की आधी यंत्र?

मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात कोलियस फोर्सकोली या वनस्पतीच्या मुळांतून एक द्रव्य वेगळे काढले गेले. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत या मुळांचे लोणचे घालतात, त्याला गरमर म्हणतात. सुजाता भट, एन. जे. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. तेच फोर्सकोलिन. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवून दिले की ते पेशीतल्या ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालना देते. तेव्हापासून जगभरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे मुलुंडचे द्रव्य नित्याच्या वापरात आहे. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याच वनस्पतीतून ‘कोलिओनॉल’ काढले होते. सातव्या कार्बनवरचा एक गट एका द्रव्यात एका बाजूला आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला आहे, म्हणून ही दोन वेगळी द्रव्ये, अशी समजूत होती. दोन्ही एकच आहेत हे १९८५ मध्ये सिद्ध झाले.

तोवर एका रेणूला दोन नावे होती. त्या काळच्या संगणकांकडून या वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते. आज लागू शकतो. दोन्ही संभाव्य रचना संगणकात मांडायच्या, प्रत्येकीतले इलेक्ट्रॉन कसे वसतील ते पुंजयामिकीच्या समीकरणांनी काढायचे, त्यावरून एनएमआर या तपासणीतले संकेत कुठे पडतील ते मोजायचे आणि प्रयोगातल्या आलेखाशी ताडून पाहायचे. फोर्सकोलिनच्या रेणूत ६३ अणू आणि २२२ इलेक्ट्रॉन आहेत. एवढा रेणू आज चांगल्या संगणकाच्या आवाक्यात आहे. अडचण त्यापुढे सुरू होते, आणि सार्वजनिक पैसा कुठे घालावा हा या लेखाचा प्रश्नही तिथेच उभा राहतो.

इन्सुलिन घ्या. अणू ७८८, इलेक्ट्रॉन ३,०९२. फोर्सकोलिनच्या सुमारे चौदापट. पुंजरसायनात जिला सध्या सर्वांत भरवशाची मानतात त्या ‘सीसीएसडी(टी)’ पद्धतीचे काम रेणूच्या आकाराच्या सातव्या घाताने वाढते. रेणू दुप्पट झाला की काम १२८ पट. चौदापट झाला तर दहा कोटी पट. हिशेब ढोबळ आहे, पण मथितार्थ स्पष्ट आहे: फोर्सकोलिनला एक तास लागला असे धरले, तर तीच पद्धत जशीच्या तशी लावून इन्सुलिनला अकरा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. यंत्र हजारपट वेगवान आणले तरी अकरा वर्षे. हजारपट यंत्राने हाती लागणारा रेणू जेमतेम पावणेतीनपट मोठा असतो, कारण हजाराचे सातवे मूळ तेवढेच निघते.

या भिंतीची जाणीव नवी नाही. रसायनशास्त्राचे मूळ नियम हाती आले, पण त्यांची समीकरणे सोडवण्यापलीकडची आहेत, असे पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवले होते. पुढच्या सत्तर वर्षांत भिंतीला खिंडारे पडली. वॉल्टर कोन यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याचा मार्ग १९६४-६५ मध्ये दाखवला, जॉन पोपल यांनी या गणितांना रोजच्या वापरातली संगणकप्रणाली दिली, आणि १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांत वाटले गेले. पवईच्या वाट्यालाही यातला एक मानाचा तुकडा आहे. बी. एम. देब यांनी स्वपन घोष यांच्यासह १९८२ मध्ये काळानुसार बदलणाऱ्या इलेक्ट्रॉन घनतेचा सिद्धांत मांडला, रुंगे आणि ग्रॉस यांच्या विख्यात प्रमेयाच्या दोन वर्षे आधी. देब तेव्हा पवईच्या आयआयटीत होते. घोष पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हेच शास्त्र वाढवत राहिले. आपल्या उपनगरांत हा विषय असा चाळीस वर्षांहून जुना आहे, आणि तरीही पवईबाहेर त्याची फारशी कुणाला वार्ता नाही याची मला खंत वाटते.

आता पैशाकडे येऊ. २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महासंगणक मोहीम मंजूर केली, सात वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपयांची. तिच्यातून पुण्याच्या आयसरला ‘परम ब्रह्म’ मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे मिळून १३० कोटींचे तीन ‘परम रुद्र’ सुरू झाले. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी मिळाली आणि तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले. यंत्रांसाठी पैसा उभा राहतो आहे, आणि राहायलाच हवा. पण जी गणिते या यंत्रांवर चढणार त्यांच्या पद्धती कोण घडवणार, त्या प्रणाली वर्षानुवर्षे कोण सांभाळणार, यासाठी तेवढ्याच ठामपणे मांडलेला आकडा कुठे दिसत नाही. दोन्ही बाजू तोलून पाहायला हव्यात.

पद्धतीच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष पुण्याची आहे, आणि ती मला सविस्तर सांगायची आहे.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला बड्या क्रे संगणकांच्या विक्रीवर बंधने घातली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभे राहिले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याच्या पोटात एकच महाकाय प्रक्रियक नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा एकमेकींशी जोडून काम वाटून घेत होत्या. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे यांचा गट तेव्हा रेणूंभोवतीचे विद्युत्‌विभव मोजत होता. शिरसाट आणि लिमये या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये ट्रान्सप्युटरच्या समांतर यंत्रावर पुंजरसायनाची गणिते चालवून दाखवली. आणि पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्याच तिघांनी ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ नावाची पद्धत मांडली.

तिची कल्पना अशी. मोठा रेणू एकसंध सोडवायचा नाही. त्याचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडायचे. शिंपी जसा शिवणीसाठी कापड जास्तीचे सोडतो, तसा प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यात थोडा घुसलेला ठेवायचा, म्हणजे कापलेल्या कडेचा विकृत परिणाम मधल्या भागापर्यंत पोचत नाही. जिथे बंध तुटला तिथे हायड्रोजनचा अणू लावून टोक बंद करायचे. प्रत्येक तुकड्याची ऊर्जा स्वतंत्र काढायची. मग सर्व तुकड्यांची बेरीज, त्यातून दोन-दोन तुकड्यांच्या सामाईक भागांची वजाबाकी, तीन-तीनांच्या सामाईक भागांची पुन्हा बेरीज. कॉलेजात संच शिकताना हेच सूत्र प्रत्येकाने सोडवलेले असते. तुकडे पुरेसे मोठे आहेत की नाहीत याचीही मोजपट्टी या गटाने ठरवली: प्रत्येक अणूभोवती गोल काढायचा आणि तो गोल किती त्रिज्येपर्यंत एखाद्या तुकड्यात पूर्ण मावतो ते पाहायचे. त्रिज्या जितकी मोठी तितका भरवसा जास्त.

याने साधते काय? इन्सुलिनच्या आकाराच्या रेणूचे फोर्सकोलिनएवढे तुकडे पाडले, सामाईक भाग धरून ते शंभर झाले असे समजा, तर दहा कोटी तासांच्या जागी शंभर तास. शिवाय तुकडे एकमेकांची वाट पाहत नाहीत, प्रत्येक वेगळ्या संगणकावर चालतो. के. बाबू आणि गद्रे यांनी २००३ मध्ये ही पद्धत मोठ्या रेणूंच्या गुणधर्मांसाठी पक्की केली, २००६ मध्ये व्ही. गणेश आणि सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने मोठ्या रेणूंचा आकार स्थिर करण्याची सोय केली. त्याच वर्षी मिलिंद देशमुख, गद्रे आणि बार्टोलोटी यांनी तिचा एक वेगळाच उपयोग काढला: एकाच रेणूच्या पोटातला हायड्रोजन बंध किती बळकट आहे हे तुकड्यांच्या वजाबाकीतून मोजणे. हा बंध सुटा करून तोलता येत नाही, म्हणून प्रयोगाने त्याची किंमत थेट मिळत नाही. पुढे २५ पाण्याच्या रेणूंचा पुंजका कोणकोणत्या आकारांत बसू शकतो हे शोधण्यातही हीच पद्धत कामी आली.

टंचाईतून आलेले हे शहाणपण होते असे म्हणून पुण्याच्या कामाची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते. जपानमध्ये कितौरा यांनी १९९९ मध्ये रेणूचे तुकडे पाडण्याची स्वतःची पद्धत आणली, अमेरिकेत वाइताओ यांग यांनी १९९१ मध्ये. त्या देशांत यंत्रांची टंचाई नव्हती. सातव्या घाताची भिंत सगळ्यांना सारखीच आडवी आली.

यंत्राच्या बाजूचा युक्तिवादही तितकाच गांभीर्याने ऐकायला हवा. रेणूची अशी कापणी करताना माणूस निर्णय घेतो: कुठे कापायचे, किती ओव्हरलॅप ठेवायचा, कोणता परिणाम नगण्य धरायचा. प्रथिनासारख्या रेणूत हा निर्णय बराचसा सोपा असतो, कारण तिथे इलेक्ट्रॉन आपापल्या बंधांत राहतात. पण जिथे इलेक्ट्रॉन लांबवर पसरलेले असतात, म्हणजे ग्राफीनचे पापुद्रे, लांब संयुग्मित साखळ्या, धातूंचे पुंजके, तिथे कापणे म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा तेच तोडणे. कात्री कितीही हुशारीने चालवली तरी तिथे तुकडे इतके मोठे ठेवावे लागतात की फायदा उरत नाही. सौर घट, बॅटऱ्या, उत्प्रेरक, म्हणजे नव्या ऊर्जेचा बराचसा रसायनसंसार, याच प्रकारात मोडतो. तिथे एकसंध गणित करू शकणारे मोठे यंत्र हीच गरज आहे, आणि ती पद्धतीच्या नावाने टाळता येणार नाही.

दुसरा आक्षेप अचूकतेचा आहे, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. रेणूंच्या ऊर्जेत एक किलोकॅलरी प्रति मोल हा पुंजरसायनाचा मानलेला मापदंड आहे, आणि तो उगाच ठरलेला नाही. खोलीच्या तापमानाला औषध आणि त्याचे लक्ष्य असलेले प्रथिन यांच्या बंधाच्या ऊर्जेत १.४ किलोकॅलरी चुकली, तर बंधाच्या बळकटीचा अंदाज दहापट चुकतो. अंधेरीची ग्लेनमार्क, गोरेगावची सन फार्मा, कांदिवलीची इप्का आणि अजंता, अशी जेनेरिक औषधांची मोठी साखळी आपल्याच उपनगरांत आहे. त्यांच्या दृष्टीने याहून जिवाचा प्रश्न स्फटिकांचा आहे. एकच औषध दोन प्रकारच्या स्फटिकांत घट्ट होऊ शकते आणि दोहोंच्या ऊर्जेतला फरक पुष्कळदा एका किलोकॅलरीहूनही कमी असतो. एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरचे उदाहरण औषधनिर्मितीतला प्रत्येकजण जाणतो. १९९६ मध्ये ते बाजारात आले आणि १९९८ मध्ये कारखान्यात अचानक दुसराच, कमी विरघळणारा स्फटिक तयार होऊ लागला. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या, रुग्णांची औषधाविना परवड झाली. रिटोनाव्हिरच्या एका रेणूत ९८ अणू आहेत, आणि स्फटिकाचे गणित करायचे तर असे अनेक रेणू एकत्र घ्यावे लागतात. तिथे अर्ध्या किलोकॅलरीची चूकही चुकीच्या स्फटिकाकडे बोट दाखवू शकते.

म्हणूनच २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने या क्षेत्रातल्या सगळ्यांना थांबून विचार करायला लावले. अल-हमदानी, नागी, त्कात्चेन्को आणि सहकाऱ्यांनी काही मोठ्या रेणूंच्या जोड्या घेतल्या आणि त्यांच्यातली ओढ दोन वेगवेगळ्या, दोन्ही उत्तम मानलेल्या पद्धतींनी मोजली: एक दूरचे क्षीण संबंध वगळणारी, म्हणजे स्थानिक कापणी वापरणारी सीसीएसडी(टी), दुसरी यादृच्छिक नमुन्यांवर चालणारी मॉन्टे कार्लो. लहान रेणूंत दोघींचे उत्तर जुळे. कार्बनच्या साठ अणूंचा चेंडू एका कड्यात अडकवलेल्या जोडीत मात्र फरक सात किलोकॅलरींवर गेला. औषधाच्या बंधाच्या भाषेत सांगायचे तर लाखाहून अधिक पट. रेणूशास्त्रात ज्यांच्या शब्दाला आपण शेवटचा मानतो त्या दोन साक्षीदारांनी परस्परविरोधी साक्ष दिली.

कापणीच्या टीकाकारांनी याचा आधार घेणे स्वाभाविक होते. पण पुढचा तपास निराळ्या दिशेला गेला. व्हिएन्नाच्या ग्रूनाइस यांच्या गटाने मोठ्या, सहज ध्रुवीभूत होणाऱ्या रेणूंत हे तपासले आणि या फरकाचा मोठा वाटा सीसीएसडी(टी) मधल्या त्या कंसातल्या ‘टी’ दुरुस्तीकडे, म्हणजे मूळ पद्धतीकडेच, जातो असे दाखवले. कात्री इथे मुख्य आरोपी नव्हती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण यातून दोन्ही पक्षांना उत्तर मिळते. नुसत्या मोठ्या यंत्रावर तीच पद्धत एकसंध चालवली असती तरी तेच चुकीचे उत्तर आले असते, आणि तेही मोठ्या खर्चाने. आणि कापणी करणारे कितीही काळजीपूर्वक कापोत, मूळ सूत्रातला दोष त्यांच्या हिशेबात तसाच उतरतो. चूक सापडली ती एका रेणूला अनेक स्वतंत्र मार्गांनी पुन्हा पुन्हा सोडवणाऱ्या माणसांमुळे.

आता कापणीतली दुसरी परंपरा पाहू, कारण पवईत तिचे काम चालते. जर्मनीत फ्रांक नीझे यांच्या गटाने २०१३ मध्ये ‘डीएलपीएनओ’ नावाची पद्धत पुढे आणली. ती रेणूचे तुकडे पाडत नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमधले दूरचे, क्षीण परस्परसंबंध हिशेबातून वगळते आणि जवळचे नेमके ठेवते. तिच्या साहाय्याने त्यांनी क्राम्बिन या ६४४ अणूंच्या प्रथिनाचे कपल्ड क्लस्टर, म्हणजे सीसीएसडी(टी)च्या कुळातले, गणित करून दाखवले, जे दहा वर्षांपूर्वी कुणी मनावर घेतले नसते. किती क्षीण संबंध वगळायचा याचे सैल, मध्यम आणि घट्ट असे उंबरठे असतात. प्रयोगशाळेत विद्यार्थी आधी ‘नॉर्मल’, म्हणजे मध्यम, उंबरठ्यावर जॉब (संगणकावरचे गणित) लावतात आणि छापायच्या आधी ‘टाइट’, म्हणजे घट्ट, उंबरठ्यावर. ही सवय मला या क्षेत्रातल्या सर्वांत चांगल्या सवयींपैकी वाटते: उंबरठा बदलून उत्तर किती हलते हे पाहिल्याशिवाय त्या उत्तरावर सही करायची नाही. पवईच्या आयआयटीत अचिंत्य कुमार दत्ता यांच्या गटाने ‘बाघ’ नावाची स्वतःची कपल्ड क्लस्टर प्रणाली घडवली, तीत जड अणूंचे सापेक्षतावादी परिणाम धरूनही गणिते होतात. मुंबईच्या उपनगरात बसून जगाला वापरता येईल अशी प्रणाली लिहिणे ही लहान गोष्ट नाही.

यंत्र आणि पद्धत यांत खरोखर वैर आहे का, याचे सर्वांत ताजे उत्तर अमेरिकेच्या ‘फ्रंटियर’ वरून आले. त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान यंत्रावर जुसेप्पे बार्का यांच्या गटाने दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या जैवरेणूंची हालचाल पुंजयामिकीने मोजली आणि २०२४ चे गॉर्डन बेल पारितोषिक मिळवले. त्यांनी ते एकसंध केले नाही. रेणूचे तुकडे पाडले, तुकडे हजारो नोडवर वाटले. पुण्यात तीस वर्षांपूर्वी ट्रान्सप्युटरवर जे तत्त्व राबवले गेले, त्याच जातीचे तत्त्व. जगातले सर्वांत मोठे यंत्र कात्रीशिवाय आपली पूर्ण ताकद वापरू शकले नाही, हे माझ्या मते या वादातले निर्णायक तथ्य आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्नच मोडीत निघाला, असेही हल्ली ऐकू येते. यातही तथ्य आहे, आणि मर्यादाही. २०२५ मध्ये मेटा आणि सहकाऱ्यांनी दहा कोटींहून अधिक रेणूगणितांचा एक खुला संग्रह प्रसिद्ध केला. त्यावर शिकलेली प्रारूपे काही सेकंदांत ऊर्जा सांगतात. परंतु ती शिकली कशावरून? डेन्सिटी फंक्शनलच्या, म्हणजे कोन यांच्या घनतेच्या मार्गाने केलेल्या, गणितांवरून, आणि तीही कार्यक्षम पद्धती व प्रणाली यांच्याशिवाय इतक्या संख्येने झाली नसती. गुरूच्या उत्तरात जी चूक असेल ती शिष्याकडे उतरते. वेगवान अंदाज आणि त्याच्या पाठीशी काही निवडक, कसून तपासलेली गणिते, अशी जोडी लागणारच.

क्वांटम संगणकाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण इथे आशा पुराव्याच्या फार पुढे गेली आहे. २०१७ मध्ये नायट्रोजन स्थिर करणाऱ्या विकरातला लोह-मॉलिब्डेनम केंद्रक क्वांटम संगणकावर कसा सोडवता येईल याचा आराखडा मांडला गेला आणि जगभर उत्साह पसरला. २०२३ मध्ये गार्नेट चॅन आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावा नीट तपासला आणि रेणूंच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेसाठी घातांकी फायदा मिळेल असे गृहीत धरायला आधार दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. ते दार बंद झालेले नाही. पण त्या आशेवर आज पद्धतींवरचा खर्च पुढे ढकलणे शहाणपणाचे नाही.

सगळे तोलून मी पद्धतीच्या बाजूला झुकतो. पैसा यंत्रावर अधिक लागणार हे मला मान्य आहे, लोखंड आणि वीज महाग असतात. माझे म्हणणे प्राधान्यक्रमाबद्दल आहे: यंत्र घेण्याचा निर्णय होतो त्याच कागदावर पद्धत घडवणाऱ्या आणि प्रणाली सांभाळणाऱ्या माणसांच्या जागा मंजूर झाल्या पाहिजेत. महासंगणक मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात यंत्रावरच्या दर दहा रुपयांमागे दोन रुपये यासाठी बाजूला काढावेत असे मी सुचवतो. या आकड्यावर चर्चा व्हावी, तो कमी-जास्त व्हावा, पण तो शून्य राहू नये.

याला येणारा विरोध मला माहीत आहे. पद्धती घडवणारे संशोधक उत्तरदायी कसे राहतील? यंत्र आले की दिसते, मोजता येते. पद्धत मात्र शोधनिबंधात राहते, आणि तिचा कर्ता विद्यार्थी पीएच.डी. घेऊन परदेशी गेला की ती प्रणाली कुणाला उघडताही येत नाही. ही तक्रार खरी आहे. तिचे उत्तर मात्र पद्धतींवर कमी खर्च करणे हे नाही. विद्यार्थ्याच्या चार-पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीवर प्रणाली उभी करायची आणि ती टिकेल अशी अपेक्षा ठेवायची, हाच चुकीचा हिशेब आहे. नीझे यांची ‘ओर्का’ दोन दशकांहून अधिक काळ एका गटाने सलग वाढवली, म्हणून आज ती शिक्षणसंस्थांना मोफत मिळते आणि आपल्याकडच्या असंख्य प्रयोगशाळा तिच्यावर चालतात. पोपल यांच्या गटाची ‘गाउसियन’ १९७० पासून आहे. टिकाऊ प्रणाली मागायच्या तर टिकाऊ नोकऱ्या द्याव्या लागतील.

उत्तरदायित्वाची अटही घालता येते, आणि ती कडक असावी. सार्वजनिक यंत्रावर कापणीने केलेल्या प्रत्येक गणितासोबत उंबरठा बदलून उत्तर किती हलले ते नोंदवले जावे. शक्य तिथे लहान नमुन्यावर एकसंध गणिताशी, आणि निदान काही रेणूंवर पूर्णपणे वेगळ्या मार्गाने केलेल्या गणिताशी तुलना असावी. २०२१ च्या त्या कोड्याने शिकवले ते हेच आहे. असे ताडून पाहणे शोधनिबंधांच्या मोजणीत फारसे धरले जात नाही, कारण त्यात नवे काही सापडेलच असे नसते. म्हणून ते कुणाच्या तरी नेमून दिलेल्या कामात असायला हवे.

आणि एक मागणी उपनगरांची. विद्याविहारचे सोमय्या, घाटकोपरचे झुनझुनवाला, मुलुंडचे वझे, या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणारी मुले औषध कंपन्यांच्या कारखान्यांपासून लोकलच्या काही स्थानकांवर राहतात. त्यांना प्रात्यक्षिकात अनुमापन येते, क्रोमॅटोग्राफी येते. रेणूचे तुकडे पाडून त्याची ऊर्जा काढणे मात्र बहुतेकींच्या-बहुतेकांच्या वाट्याला येत नाही, वस्तुतः मोफत प्रणाली आणि साधा संगणक यांवर लहान रेणूंपासून ते सुरू करता येते. सार्वजनिक महासंगणकांच्या तासांतला एक ठरावीक वाटा अशा महाविद्यालयांसाठी राखावा, अर्ज मराठीतही घ्यावा, आणि पवई वा पुण्याच्या गटातल्या एकाने दर सत्रात या मुलांच्या चुकलेल्या जॉबकडे बसून पाहावे. तुकडा कुठे पाडायचा हे पुस्तकातून कळत नाही, दहा वेळा चुकीच्या बंधावर कापून मग कळते, आणि ते वयाच्या विसाव्या वर्षी शिकलेला विद्यार्थी तिसाव्या वर्षी नवी पद्धत घडवू शकतो. गद्रे यांच्या गटातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज स्वतंत्रपणे हेच काम पुढे नेत आहेत. तशा आणखी चार-पाच गटांना महाराष्ट्रात जागा करून द्यायची तर सुरुवात एखाद्या यंत्राच्या उद्घाटनाच्या आधी, नोकरभरतीच्या जाहिरातीने करावी लागेल.